कॅमेऱ्यातलं वय

माघातल्या एका मंगळवारी बायको चहा ठेवायला उठली आणि ओट्याजवळ खाली बसली. शेजाऱ्यांनी रिक्षा आणली. दुपारी डॉक्टरांनी बाहेर येऊन ती गेल्याचं सांगितलं.

कॅमेरा तेव्हा पुस्तकांच्या कपाटात होता. दिवाळीपर्यंत तो काढायचं कारण पडलं नाही. मग मुलीचा फोन आला. ती आपल्या तान्ह्या लेकीला घेऊन बुलढाण्याला येणार होती.

"बाबा, कॅमेरा चार्ज करून ठेवा. आईचे फोटो काढायचे ना तुम्ही, खाली वय येणारे, तसेच हिचे काढू."

मी हो म्हणालो. ते तितकं सोपं नाही हे फोन ठेवल्यावर लक्षात आलं.

कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालो तेव्हा तो कॅमेरा घेतला होता. सोबतची पुस्तिका वाचल्याशिवाय मी कुठल्याही यंत्राला हात लावत नाही. बायको आधी बटण दाबून पाहायची. "तुमचं वाचून होईस्तोवर कॅमेरा जुना होईन," असं ती म्हणायची. त्यात सीन मोड नावाचा प्रकार होता. कशाचा फोटो काढायचा ते आधी कॅमेऱ्याला सांगायचं, म्हणजे तो उजेड आणि रंग तसे लावून घेतो. त्यासाठी छोटी चित्रं होती: बर्फ, समुद्र, फटाके, विमानाची खिडकी, जेवणाचं ताट, बाळ. एकेक चित्र तपासून पाहायचं असं मी ठरवलं. इथे समुद्र नाही, बर्फ नाही, आणि विमान फार उंचावरून जातं.

विमानाच्या खिडकीचं चित्र आम्ही राजूर घाटात, एसटीच्या खिडकीतून तपासलं. खालच्या मुलखाऐवजी काचेवरचे डागच जास्त आले.

"इमानाच्या खिडक्या पुसत असतीन," ती म्हणाली.

बर्फाचं चित्र तिच्या माहेरी कामाला आलं. रोहिणखेडजवळच्या त्या घरात एक खोली छतापर्यंत कापसाने भरलेली होती. साध्या फोटोत कापूस राखेसारखा करडा यायचा. बर्फाचं चित्र लावलं, आणि होता तसा पांढरा आला. तिने कॅमेरा भावापुढे धरला.

"दादा, पाय बरं. तुह्या घरात बर्फ पडला."

भावाने कॅमेरा डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाला, "बर्फाले भाव काय हाय?"

बाळाचं चित्र शेवटी राहिलं, कारण घरात बाळ नव्हतं. मी तिला खुर्चीवर बसायला सांगितलं.

"मले लेकरू समजून राह्यले काय तुम्ही?" असं म्हणत ती पदर सारखा करून बसली.

कॅमेऱ्याने बाळाची जन्मतारीख विचारली. मी तिच्या शाळेच्या दाखल्यावरची एक जुलै टाकली. तिला ते पटलं नाही.

"ते गुरुजीची तारीख हाय. वर्गातल्या अर्ध्या पोरी गुरुजीनं एकाच दिवशी जन्माले घातल्या. माहा जन्म पोळ्याच्या करीचा, माय सांगे."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाला आमच्याकडे कर म्हणतात. मी म्हणालो, "पोळा दरवर्षी निराळ्या तारखेला येतो. कॅमेऱ्याला पोळा कळत नाही."

"मंग त्याले कळते काय?"

काढलेला फोटो पुन्हा पडद्यावर आणला की खालच्या कोपऱ्यात वय दिसायचं, वर्षं आणि महिने. "दोन महिने मोठी केली मले या मशीननं," ती म्हणाली. पण या चित्रावर चेहरा बरा येतो म्हणून तिचे सगळे फोटो पुढे त्यावरच निघाले. काढलेले फोटो पाहण्याच्या सोयींपैकी आपोआप एकामागून एक फोटो सरकण्याची सोय तिने एकदाच पाहिली. फोटोंबरोबर वाजणारा बँड तिला नको होता. फोटो मोठा करून पाहणं मात्र तिला फार आवडे. ती आपला चेहरा पाहत नसे, मागचं पाहत असे. दोरीवर माझी बनियन आली आहे, तुळशीजवळ खराटा तसाच पडला आहे, असं काहीतरी तिला सापडायचं.

फोन आला त्या संध्याकाळी मी बॅटरी भरून कॅमेरा सुरू केला. इतके महिने बंद राहिल्याने तो वेळ विसरला होता. त्याने आजची तारीख मागितली. ती दिली आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीचा एक फोटो घेतला. चित्र बाळाचंच लावलेलं होतं. खाली वय आलं: त्रेसष्ट वर्षं, तीन महिने.

ती त्रेसष्टाची झालीच नव्हती.

तो फोटो मी पुसून टाकला. मग पुस्तिका काढली. कॅमेऱ्यात बाळ एकच ठेवण्याची सोय होती. नवी तारीख टाकली की जुनी जाणार, एवढं स्पष्ट होतं. पण आधीच्या फोटोंखालची वयं राहतात की तीही जातात, हे त्यात लिहिलेलं नव्हतं. मी ती पानं पुन्हा पुन्हा वाचली. फोटो मुलीच्या फोनमध्ये होतेच. वय मात्र या पडद्याशिवाय कुठेच उमटत नव्हतं. कपडे बदलावेत तसं एका तारखेने ते सगळं बदलेल, आणि तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या माझ्या बायकोच्या फोटोखाली नातीचं वय येईल, अशी मला भीती वाटली.

मुलगी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात सतरंजी टाकून तिने बाळाला निजवलं.

"टाका ना बाबा तारीख."

"साध्यावर काढतो. उजेड चांगला आहे."

"अन् वय?"

मी कॅमेरा खाली घेतला. मग मनातलं सांगून टाकलं. तिने कॅमेरा हातात घेतला, आईचे फोटो एकेक करून पाहिले. एका फोटोशी थांबून तिने तो मोठा केला.

"खराटा," ती म्हणाली आणि हसली. मग डोळे पुसले. "राहू द्या बाबा. फोनमध्ये काढू हिचे."

तिने कॅमेरा परत दिला. बाळ सतरंजीवर पाय झाडत होतं. मी पाहत होतो. समोर बायको असती तर काय म्हणाली असती ते मला ठाऊक होतं. टाका न हो, काऊन भेता, असं म्हणून तिने स्वतःच बटण दाबलं असतं.

मी तारीख बदलली. नातीची तारीख दवाखान्यातली होती, तिच्यात वाद नव्हता. फोटो काढला. खाली चार महिने आलं. मग मागे जायचं बटण दाबलं.

शेंगांच्या फोटोत बायको होती. खाली एकसष्ट वर्षं, पाच महिने होतं. आणखी मागे गेलो. साठ. एकोणसाठ. ज्या दिवशी जेवढी होती तेवढीच ती होती.

"आहे?" मुलीने विचारलं.

"आहे."

कॅमेरा आता कपाटात खालच्या फळीवर आहे. बाळाच्या चित्रावर नातीची तारीख आहे. बायकोचे फोटो त्यातच आहेत, आणि प्रत्येकाखाली तिचं त्या दिवशीचं वय आहे, दोन महिने जास्त.