एकटं जेवण्याचा सराव

मनांग पुरिंग, म्हणजे पुरिंगताई, हिची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा आमच्यामध्ये अख्खा रस्ता, पाच-सहा तीनचाकी, एक रेडा आणि कुठल्याशा संताची मिरवणूक होती. मी नुकताच बोटीतून उतरून फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या त्या गल्लीत शिरलो होतो. इथल्या शाळेत मास्तर म्हणून रुजू व्हायचं होतं. तेवढ्यात पलीकडून हाक आली, "ए, जेवलास का?"

आवाज असा की मिरवणुकीतल्या बँडचा ताल चुकला, रेड्याने मान वळवली आणि बंदरातल्या बोटीच्या कप्तानानेही 'हो हो, जेवलो' म्हटलं असणार, अशी माझी खात्री आहे. मी उत्तर देण्याआधीच तिच्या खाणावळीच्या बाकावर होतो. समोर भात, फणस घातलेलं डुकराचं कालवण आणि सुका मासा. ताट रिकामं होईपर्यंत माझा पगार, वडिलांची मूळव्याध आणि माझं मोडलेलं लग्न या तिन्ही गोष्टी गल्लीला पाठ झाल्या होत्या. नाव मात्र तिने पुढच्या आठवड्यात विचारलं. तोवर 'अरे बारीक' एवढ्यावर भागलं.

मनांगचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी, रुव्हेलिन, कॅनडात रेजायना नावाच्या गावी म्हाताऱ्यांच्या आश्रमात काम करायची. मी गल्लीत मुरलो, तोवर आईला तिकडे न्यायचं तिच्या मनात आलं होतं, पण तिची एक अट होती. ती तिने फोनवर सांगितली. मनांग पुरिंगचा फोन नेहमी मोठ्या आवाजात लावलेला असे, त्यामुळे अट सगळ्या गिऱ्हाइकांनी ऐकली.

"नानाय, मी दिवसभर कामावर असते. घर बंद, बाहेर बर्फ. शेजारी बोलत नाहीत. माझ्या मैत्रिणीने आईला आणलं, तर ती बसथांब्यावर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला 'कुठं निघालात, जेवलात का' विचारायची. तीन महिन्यांत रडत परत गेली. तुझं तसं झालं तर मला सोसायचं नाही. एक दिवस, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, दार लावून, कुणाशी न बोलता, एकटी जेवून दाखव. मगच मी कागद भरते."

"एवढंच ना?" मनांग म्हणाली आणि हसली. बाकी कुणी हसलं नाही. तिला एकटं जेवताना आमच्यापैकी कुणीही पाहिलेलं नव्हतं.

शिकवणीसाठी गल्लीतला मनोंग तेरियो, म्हणजे तेरियोदादा, पुढे सरसावला. तो निम्मं आयुष्य जहाजावर होता. इंजिनाच्या खोलीतून तो फारसा वर आला नव्हता, पण परदेशाबद्दलची त्याची मतं पक्की होती.

"तिकडं कुणाला 'कुठं निघालात' विचारायचं नाही. पोलीस येतात."

"येऊ देत. ते तरी जेवून येतात का?"

"मनांग, हे असलंच बंद करायचंय!"

सोमवारी खाणावळ बंद असे, म्हणून सराव सोमवारी ठरला. पहिल्या सोमवारी मनांगने दार लावलं. तेरियो पहाऱ्याला बाहेर खुर्ची टाकून बसला आणि तासाभरात मासळीवाली ओरडत गेली. खिडकी उघडली. "अगं ए, उन्हाची फिरतेस, चार घास खाऊन जा!" तेरियोने कपाळावर हात मारला. मासळीवाली मात्र आत जाऊन व्यवस्थित जेवली.

दुसऱ्या सोमवारी दार बंद दिसलं तेव्हा गल्लीने ठरवलं की मनांगच्या घरी कुणीतरी गेलं. दुपारपर्यंत पायरीवर भाताची पातेली जमली, बायका जपमाळा घेऊन बसल्या. आतून आवाज आला, "कोण गेलं गं?" बाहेरून उत्तर आलं, "ते तूच सांग!" तो सोमवारही गेला.

त्यानंतरच्या सोमवारी पाद्री आले. मुलीशी भांडण झालंय अशी बातमी त्यांच्या कानावर गेली होती. तेही जेवून गेले.

मग तेरियोने घरोघर फिरून दम भरला. त्या सोमवारी गल्ली चवड्यांवर चालली. रेडिओ बंद, तीनचाकीवाले दुसऱ्या रस्त्याने. मी शाळेतून परतताना सवयीने मान वळवली आणि हाक आली नाही. लांबून आलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही, म्हणजे काय असतं, ते मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं. घरी गेलो आणि पाव खाऊन झोपलो.

संध्याकाळी दार उघडलं. जिंकल्यासारखी काही ती दिसत नव्हती. तेरियोने टाळ्या वाजवल्या, मनांगने त्याला "जेवलास का?" विचारलं नाही. तो थोडा घाबरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. तिकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ. आम्ही सगळे बाकांवर.

"जमलं गं रुवी. कुणाशी बोलले नाही."

"आणि जेवण?"

"जेवले. भिंतीकडं बघत. घास तोंडातच फिरत राहतो गं. मीठ कमी झालंय की जास्त, तेसुद्धा कळेना. सांगायचं कुणाला?" मग विचारलं, "तू काय करतेयस आत्ता?"

"जेवतेय. गाडीत. आता दुसऱ्या कामावर जायचंय."

"कुणाबरोबर?"

पलीकडून चमचा डब्यावर आपटल्याचा आवाज आला.

"रुवी, रोज अशीच जेवतेस?"

"नानाय, आवाज तुटतोय."

आवाज तुटत नव्हता. तिचं चावणं आम्हाला बाकांपर्यंत स्पष्ट ऐकू येत होतं.

फोन ठेवल्यावर मनांगने कढई विस्तवावरून उतरवली. मग तेरियोला म्हणाली, "कागद भरते म्हणाली ना ती? लवकर भर म्हणावं. तिकडं जाऊन नऊ वर्षं झाली, पोर भिंतीशी जेवतेय."

तिथून पुढे तयारीचा सगळा रंगच पालटला. तेरियो लोकरीच्या टोपीबद्दल बोलायचा, ती ऐकायची नाही. तिचं एकच चाले. रुवीसमोर बसायचं, भात वाढायचा आणि 'आणखी घे' म्हणायचं. पेटीत तिने सुके मासे भरले, तुरीसारखे काळे दाणे भरले आणि खाणावळीतली, कडेला पोपडे उडालेली दोन पत्र्याची ताटं घातली. "तिकडं ताटं मिळतात, मनांग," मी म्हणालो. "मिळत असतील. पण यात ती लहानपणी जेवलीय, अरे बारीक," ती म्हणाली. माझे केस तोवर पांढरे झाले होते.

कागद यायला वर्ष गेलं. निघताना सगळी गल्ली विमानतळावर. मनांगने सामान तपासणाऱ्या शिपायाला विचारलं, "जेवलास का?" तो गडबडून "नाही" म्हणाला. तिने पिशवीतून केळीच्या पानातला चिकट भात काढून त्याच्या हातावर ठेवला. तेरियोने डोळे मिटून घेतले. बारा महिन्यांची शिकवणी वाया गेली होती.

खाणावळीच्या जागी आता टायरचं दुकान आहे. मी डबा आणून घरी जेवतो. तेरियो कधी कधी येऊन समोर बसतो.

मनांगचा फोन येतो. पैसे पुरेनात, म्हणून तिने एका शाळेच्या स्वयंपाकघरात भांडी घासायचं काम धरलं. पहाटे जाते आणि दुपारी येते. रुवीला रात्रपाळी लागली आहे. आधी दुसरं काम असतं, म्हणून ती आई यायच्या आत निघते आणि आई गेल्यावर सकाळी येते. दोघींची ताटं वेगवेगळ्या वेळी धुतली जातात.