वायर नसलेलं नेट

काउंटरच्या ड्रॉवरमध्ये जुने चार्जर साठतात ना, तसे किस्से साठतात. टाकवत नाहीत! शिक्रापूरच्या चौकात आमचं मोबाइलचं दुकान. लॅपटॉपला खोचायचं डाटा कार्ड तेव्हा नवीन आलं होतं. आत सिम, टॉवरची रेंज पकडली की नेट सुरू. एवढंच समजावता समजावता माझा घसा बसायचा.

*

पहिलं कार्ड नेलं एका गुरुजींनी. "आन् वायर?"

"वायर नसते गुरुजी, हवेतनं येतं."

गुरुजींचा चेहरा पडला. "आरं, रस्त्यापासनं घरापर्यंत चर खांदून ठिवलीय की!"

पुढं त्यांनी त्या चरीत नळाचा पाइप टाकला.

*

कंपनीतले एक सुपरवायझर रोज तक्रार घेऊन यायचे. "सकाळी पळतंय, संध्याकाळी बसतंय!"

म्हटलं, "शिफ्ट सुटली की सगळे एकाच टॉवरवर येतात साहेब. स्पीडची वाटणी होते."

"मग टॉवरवाल्याला सांग, आपलं जुनं गिऱ्हाईक हाय, आधी घे!"

*

केडगावच्या मावशींचं कार्ड पहिल्या दिवशीच बंद. बघतो तर पिनमध्ये हळद-कुंकू! नवीन वस्तू, पूजा तर होणारच. मी ब्रश काढला तशा त्या ओरडल्या, "पुसू नगं रं!"

"मावशी, टोपणाला लावा. तेबी त्याचंच हाय."

मावशींनी टोपणाला लावलं आणि उरलेलं माझ्या कपाळाला.

*

पण बापूंच्या किश्शाला तोड नाही. तळेगाव ढमढेऱ्याला त्यांचं उसाचं रान. लेक सुनीता बारावीला. तिला नर्सिंगला जायचं होतं, टक्के चांगले पडले तरच नंबर लागणार होता. निकालाच्या दुपारी बापूंचा फोन, "कार्ड मेलंय, पळत या!"

कार्ड ठणठणीत होतं. घरात रेंजच नव्हती. लॅपटॉप घेऊन आम्ही रानभर हिंडलो. रेंज मिळाली ती नेमकी बापूंच्या थोरल्या भावाच्या गोठ्यात. बांधावरून दोघांचा सात वर्षं अबोला!

सुनीतानं चुलत्याला, म्हणजे दादांना, सगळं सांगितलं. मी कार्ड लॅपटॉपला लांब वायरनं जोडलं होतं, ते त्यांनी हातात घेतलं आणि पत्र्यापर्यंत हात उंच करून उभे राहिले. आधी नाव आलं. मग एकेक विषय. शेवटी टक्के. एक्क्याऐंशी! सुनीता रडायलाच लागली. माझेही डोळे भरले, खोटं कशाला बोलू?

दादा तिला म्हणाले, "तुझ्या बापाला इचार, हात खाली घिऊ का?"

पान पूर्ण उघडलं होतं. आता कार्ड धरायची काही गरज नव्हती, पण मी गप्प बसलो.

गोठ्याच्या दाराशी बसलेले बापू उठले आणि त्यांनी हात पुढं केला. "दादा, आण हिकडं. आता मी धरतो, तू बघ!"