जोतीराम पुकळे गाडी शिकतो

जोतीराम पुकळे महाबळेश्वरला टॅक्सी चालवायचा. एक-दोन नाही, तेवीस वर्षं. पसरणीच्या घाटातलं कुठलंही वळण त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. धुक्यात स्वतःच्या गाडीचं बॉनेट दिसत नसायचं, तेव्हाही हा मागच्या सीटवरच्या लोकांना पॉइंटांची नावं सांगत सावकाश खाली उतरायचा. असा माणूस एका जुलै महिन्यात सांगली जिल्ह्यातल्या विट्याला गेला आणि त्यानं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. तेही खोटं.

झालं होतं असं. उन्हाळ्याच्या सीझनला विट्याचं एक कुटुंब त्याच्या गाडीत बसलं. त्यातल्या सूनबाई म्हणाल्या, "काका, मी पण गाडी चालवते बरं का! आमच्या मॅडमनी एकवीस दिवसांत शिकवली." आणि त्यांनी पर्समधून मॅडमचं कार्ड काढून दिलं. कार्डावर छापलं होतं: प्रो. प्रा. सृष्टी जोतीराम पुकळे.

जोतीरामनं गाडी बाजूला घेतली. लोकांना वाटलं, इथं काहीतरी बघण्यासारखं आहे. ते उतरले, त्यांनी फोटो काढले, परत बसले. जोतीराम तोवर कार्डच बघत होता. सृष्टी ही त्याची पोरगी. तिला शेवटचं पाहिलं तेव्हा ती चार वर्षांची होती. आणि एवढी वर्षं तो गायब असताना त्याचं नाव मात्र तिच्या नावाच्या मधोमध उभं राहून इमानेइतबारे काम करत होतं.

तो घर सोडून का गेला, याचं त्यालाही धड उत्तर देता यायचं नाही. माण तालुक्यातलं मेंढरं राखणारं घर. पाऊस नाही, चारा नाही, म्हणून मेंढरं विकली आणि हा दोन महिन्यांच्या सीझनसाठी महाबळेश्वरला गेला. पहिल्या वर्षी परत जायला जमलं नाही. दुसऱ्या वर्षी, पहिल्या वर्षी का आला नाही याचं काय सांगायचं म्हणून गेला नाही. तिसऱ्या वर्षी दोन वर्षांचा जबाब द्यावा लागणार होता. असं करत करत जबाब इतका लांबला की तो सांगायला आयुष्य पुरणार नाही असं त्याला वाटायला लागलं. बायको बयाबाई पोरीला घेऊन भावाकडं विट्याला गेली, तिथं यंत्रमागावर कांड्या भरून तिनं पोरगी मोठी केली आणि तीन वर्षांपूर्वी ती वारली. ही बातमी त्याला कळली तीच वर्षभरानं, गावच्या एका ओळखीच्या माणसाकडून. त्या दिवशी तो दिवसभर गाडी धूत बसला होता.

पावसाळ्यात महाबळेश्वर ओस पडतं. जोतीरामनं टॅक्सी नाथाजी नावाच्या मित्राच्या दारात लावली, मिशी काढली, आणि विट्यात एका पिठाच्या गिरणीवरची खोली भाड्यानं घेतली. ठरवलं होतं, सरळ जायचं आणि सांगायचं. ऑफिसात गेला. काउंटरमागं सृष्टी बसली होती. हुबेहूब बयाबाईचं नाक.

"काय काम होतं, काका?" तिनं विचारलं.

"गाडी..." जोतीराम म्हणाला. "गाडी शिकायची हाय."

"नाव?"

डोळ्यांसमोर फक्त नाथाजीचं दार आलं. "नाथाजी," तो म्हणाला.

"आधार कार्ड?"

"गावाकडं ऱ्हायलं."

"मग शिकाऊ लायसन होईस्तोवर रस्त्यावर न्हाई घेणार. जनावरांच्या बाजाराच्या मैदानात शिकवीन. उद्या सात वाजता या."

अशी जोतीरामची शिकवणी सुरू झाली. येत नसलेलं शिकणं सोपं असतं. येत असलेलं विसरणं किती अवघड, हे त्याला पहिल्याच सकाळी कळलं. हात आपोआप गियरवर जायचा, पाय आपोआप क्लचवर. त्यांना आवरता आवरता त्याला घाम फुटायचा. गाडी बंद पाडायची म्हणून तो मनातल्या मनात पाच अंक मोजायचा आणि पाचाला क्लच सोडायचा. गाडी धक्का खाऊन थांबायची. सृष्टी म्हणायची, "असू द्या काका, परत." ते 'असू द्या' ऐकायला तो पुन्हा गाडी बंद पाडायचा.

आठवड्याभरात तो विट्यातला सगळ्यात वाईट शिकाऊ म्हणून गाजला. सकाळी फिरायला येणारी म्हातारी माणसं त्याचा रिव्हर्स बघायला थांबायची. एकानं तर पाहुणे आणले होते.

मागच्या सीटवर शालूबाई असायची. तिचा धडा जोतीरामच्या नंतर. पंचेचाळिशीची, नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, डाळिंबाच्या रोपांची नर्सरी चालवणारी बाई. दारात भावानं दिलेली जुनी ओम्नी उभी होती आणि रोपं पोचवायला दर खेपेला दुसऱ्याच्या पाया पडावं लागत होतं, म्हणून ती शिकत होती. तिच्याकडं एक वही होती. मॅडम जे बोलतील ते ती उतरून घ्यायची.

जोतीरामची तिला फार कणव यायची. "आवं, क्लच हळू सोडा की! अंड्यावर पाय दिल्यागत," ती मागून सांगायची. धडा संपल्यावर मैदानाच्या कडेला उभ्या उभ्या ती त्याला शेंगदाण्याची पोळी द्यायची. "खावा. शक्ती न्हाई म्हणून पाय घसरतोय तुमचा."

"मला न्हाई यायचं आता," जोतीराम म्हणायचा.

"यील. मला बी लय भ्या वाटायचं. तुमाला बघितलं अन् धीर आला."

हे ऐकून जोतीरामला आनंद झाला. मग आनंद का झाला याचं नवल वाटलं. मग त्या दिवशी त्यानं गिरणीवरच्या खोलीत आरशात बघून, मिशी परत ठेवावी का, याचा बराच वेळ विचार केला. बावन्नाव्या वर्षी तो लेकीसाठी गाडी बंद पाडत होता आणि शालूबाईसाठी थोडी कमी बंद पाडावी असं त्याला वाटायला लागलं होतं.

आता सृष्टीकडची गोष्ट. पोरगी हुशार. तिसऱ्याच दिवशी तिच्या लक्षात आलं की या काकांची गाडी रोज एकाच दगडापाशी बंद पडते. एक वीतही पुढं नाही की मागं नाही. इतकं नेमकं चुकायला हात बसलेला लागतो. शिवाय हे उतरताना न चुकता हँडब्रेक ओढतात, आणि चुकण्याआधी दोन्ही आरशांत बघून घेतात. त्यात यांच्या चौकशा. "मॅडम, जेवता का येळेवर?" "अंधार पडायच्या आत घरी जाता न्हवं?" "घरात सोबतीला कोण असतं?"

सृष्टीनं याचा एकच अर्थ काढला. गावात मानसिंग नावाच्या माणसाचं दुसरं ड्रायव्हिंग स्कूल होतं. त्यानं आधी तिच्या बोर्डाचा रंग उचलला होता, मग तिची 'एकवीस दिवसांत' ही ओळ उचलली होती. आता त्यानं हेर पाठवला होता.

हाकलून देणं तिला सहज जमलं असतं. पण तिनं ठरवलं, शिकायलाच आला आहे ना, मग शिकवूया. आणि तिनं त्याला भलतंसलतं शिकवायला सुरुवात केली.

"काका, गियर टाकताना गियरचा आकडा मोठ्यानं म्हणायचा. इंजिनाला कळलं पायजे."

"पहिला!" जोतीराम ओरडायचा.

"रिव्हर्सच्या आधी खाली उतरून गाडीला उलटी फेरी मारायची. मागच्या चाकाला तीनदा हात लावायचा."

तेवीस वर्षं टॅक्सी चालवलेला माणूस मुकाट्यानं उतरायचा, उलटी फेरी मारायचा, चाकाला हात लावायचा. त्याला वाटायचं, हल्ली शिकवायची पद्धत बदलली असेल. आणि पद्धत वेडी असली तरी शोधून काढली कुणी? आपल्या पोरीनं. त्याला अभिमान वाटायचा. शेवटी शेवटी तिनं सायलेन्सरला नमस्कार करायला लावला, तोही त्यानं मनापासून केला.

एक गोष्ट मात्र सृष्टीच्या ध्यानात आली नाही. मागं शालूबाई वही घेऊन बसली होती. स्वतःच्या धड्यात मॅडम हे काहीच सांगत नाहीत, हे तिनं हेरलं आणि तिची खात्री पटली, की या वरच्या पायरीच्या गोष्टी आहेत. आपण कच्च्या आहोत म्हणून मॅडम आपल्याला सांगत नाहीत. तिनं सगळं लिहून घेतलं आणि परीक्षेसाठी राखून ठेवलं.

ऑगस्टात विट्यात आरटीओच्या परीक्षेचा कॅम्प लागला. साहेब खुर्चीवर, कडेला गर्दी. शालूबाई गाडीत बसली, पट्टा लावला आणि काच खाली करून मैदान दणाणेल अशा आवाजात म्हणाली, "पहिला!"

साहेबांनी मान वर केली.

"दुसरा!" शालूबाईनं आठाचा आकडा न चुकता काढला. सगळं उत्तम चाललं होतं. मग साहेबांनी रिव्हर्स घ्यायला सांगितलं. बाई खाली उतरली. पदर खोचून तिनं गाडीला उलटी फेरी मारली, मागच्या चाकाला तीनदा हात लावला आणि सायलेन्सरसमोर वाकून दोन्ही हात जोडले.

साहेब खुर्चीतून उठले. "बाई, काही नवस आहे का तुमचा?"

"न्हाई साहेब, नियम हाय," शालूबाई म्हणाली.

ती नापास झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ती वही घेऊन मैदानात हजर. जोतीराम आणि सृष्टी दोघंही होते.

"मॅडम, ह्ये तुमी शिकवलंय का न्हाई?" तिनं वही सृष्टीपुढं धरली.

सृष्टीनं पानं उलटली आणि तिचा चेहरा उतरला. "शालूमावशी, हे तुमच्यासाठी न्हवतं. हे ह्यांच्यासाठी होतं." तिनं जोतीरामकडं बोट केलं. "ह्यो माणूस खोटा हाय. मानसिंगचा हेर हाय. ह्याला उत्तम गाडी येती."

शालूबाई जोतीरामकडं वळली. "गाडी येती तुमाला?"

जोतीराम म्हणाला, "येती."

"किती?"

"तेवीस वर्सं टॅक्सी चालवतोय. महाबळेश्वरात."

शालूबाई मटकन दगडावर बसली. "म्हंजी माझ्यापरीस वाईट गाडी चालवणारा एकच माणूस ह्या जगात हुता," ती म्हणाली, "अन् त्यो बी खोटा निघाला."

"मी हेर न्हाई," जोतीराम सृष्टीला म्हणाला. कुणी मानसिंग त्याला माहीतही नव्हता. "मी जोतीराम. तुझा बाप हाय मी."

मैदानात शेळ्या चरत होत्या. फिरायला आलेली म्हातारी माणसं, आज रिव्हर्स नाही वाटतं, म्हणून निघून चालली होती.

सृष्टी म्हणाली, "आधार दाखवा."

त्यानं बनियनच्या खिशातून आधार कार्ड काढून दिलं. तिनं ते उलटून पालटून पाहिलं. पत्ता वाचला, जन्मतारीख वाचली. मग ते परत न करता स्वतःच्या पर्समध्ये ठेवलं, गाडीत बसली आणि निघून गेली.

चार दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. जोतीराम खोलीतून हलला नाही. आधार तिच्याकडं होतं, त्यामुळं कुठं जावं असंही त्याला वाटेना. पाचव्या दिवशी ती गिरणीचा जिना चढून वर आली, दारातच उभी राहिली.

"का आला न्हाईसा?" तिनं विचारलं.

त्यानं सांगितलं. पहिल्या वर्षाचं, दुसऱ्या वर्षाचं, तिसऱ्या वर्षाचं. सजवून काही सांगितलं नाही. खालच्या गिरणीच्या आवाजात त्याला मोठ्यानं बोलावं लागत होतं, त्यामुळं ते सगळं आणखीच मूर्खपणाचं वाटत होतं. बयाबाईचं नाव घेताना मात्र गिरणी बंद झाली आणि तो एकदम हळू बोलायला लागला.

"आईनं कवा तुमच्यावर राग धरला न्हाई," सृष्टी म्हणाली. "मी धरलाय. त्यो जायला येळ लागंल." मग म्हणाली, "शालूमावशीच्या डोक्यातनं त्ये सगळं काढायला पायजे. चूक माझी, पण तुमी खोटं नाव सांगून आला म्हणून झाली. उद्यापासनं तुमी शिकवा तिला."

शालूबाईनं आधी नकार दिला. मग आली. पहिले दोन दिवस ती त्याच्याशी फक्त गाडीपुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी जोतीरामनं गाडी हातात घेतली आणि बाजाराच्या मैदानात, दोन खुंट्यांच्या मधून, एका हातानं, सरळ रेषेत उलटी नेऊन दाखवली. शालूबाई बघत राहिली.

"एवढं येत असताना रोज लोकांचं हसू सोसलंसा?" तिनं विचारलं.

"पोरगी 'असू द्या' म्हणायची. आणि तुमी पोळी द्यायचा."

शालूबाईनं पोळीचा डबा उघडला.

सप्टेंबरात ती पास झाली. लायसन आलं तसं तिनं जाहीर केलं की नाथाजींचं सामान आणायला महाबळेश्वरला आपण ओम्नी घेऊन जाणार. ती त्याला नाथाजीच म्हणायची. "जोतीराम कोण त्ये मला म्हाईत न्हाई. माझी वळख नाथाजीशी झालीया," म्हणायची, आणि असं म्हणताना लाजायची. सृष्टी म्हणाली, "पहिल्यांदाच घाट चढताय, मी येते शेजारी."

शालूबाई चालवायला, सृष्टी शेजारी, जोतीराम मागच्या सीटवर रोपांच्या रिकाम्या क्रेटांमध्ये. वाई मागं टाकली, पसरणीचा घाट लागला आणि एक नवलच घडलं. तेवीस वर्षांत जोतीराम या घाटात मागच्या सीटवर कधी बसला नव्हता. तिसऱ्या वळणाला त्याला मळमळलं. पाचव्या वळणाला तो पांढराफटक पडला.

"थांबवा," तो म्हणाला. "थांबवा गाडी."

शालूबाईनं आरशात बघून, इंडिकेटर देऊन, रीतसर गाडी कडेला घेतली. जोतीराम उतरला आणि कठड्याला धरून ओकायला लागला. सृष्टी पाण्याची बाटली घेऊन धावली, त्याची पाठ चोळू लागली.

"सावकाश. पाणी प्या, आबा," ती म्हणाली.

जोतीरामनं झटकन मान वर केली. तिनं काय म्हटलं ते परत ऐकायचं होतं, तिचं तोंड बघायचं होतं. पण तेवढ्यात पुन्हा उमासा आला आणि त्याला खाली वाकावं लागलं. सृष्टी पाठ चोळतच राहिली. गाडीतून शालूबाई हाका मारत होती, आलं हाय माझ्याकडं, आलं चघळा म्हणावं, आणि लवकर बसा, मागं एसटी खोळंबलीया.