गुरुवारी बंद पडणारा टीव्ही

मुलाने मला हडपसरला स्वतःच्या घरी न्यायचं ठरवलं ते माझ्या गुडघ्यांमुळे नव्हे, टीव्हीमुळे.

हे गेले त्याला तीन वर्षं झाली. बिबवेवाडीच्या दोन खोल्यांत मी एकटी राहते आणि मजेत राहते, हेच मुलाला पटत नाही. दिवाळीत त्याने टीव्हीच्या मागे खोचायची एक कांडी आणून दिली, वाय-फायवर हवं ते दिसतं म्हणून. काही दिवस बरी चालली, मग पडद्यावर नुसतं गोल फिरायला लागलं. नेटवर्क सापडत नाही म्हणे. मी त्याला फोन केला, ही माझी चूक. दुसऱ्या दिवशी शुक्रवारी तो आला, तर टीव्ही शहाण्यासारखा चालू. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. पुन्हा तो शुक्रवारी आला, पुन्हा सगळं ठीक. त्याने रिमोट खाली ठेवला.

“आई, आज टीव्ही जमत नाही, उद्या गॅस चालू राहील. एकटीने राहणं आता पुरे. पुढच्या रविवारी माझ्या ऑफिसातलं एक जोडपं ही जागा बघायला येतंय, भाड्याने.”

माझं घर, आणि मलाच न विचारता! तळपायाची आग मस्तकात गेली. बत्तीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, त्यातली निम्मी तक्रारींच्या टेबलावर. कुठला फोन कुठे मुका पडलाय ते शोधून काढायचं, हेच माझं काम. आणि हा मला गॅस शिकवणार.

पुढच्या गुरुवारी सकाळी टीव्ही पुन्हा गेला. या वेळी फोन केला नाही, पदर खोचला. एक्स्चेंजमधली रीत होती, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लिहून ठेवायचं. हेल्पलाइनवरच्या मुलीने राउटर बंद करून चालू करायला सांगितला. तीनदा केलाय म्हटलं, तर म्हणाली, चौथ्यांदा करा. केला. पासवर्ड नव्याने घातला. खोक्यातली वीतभर वायर जोडून कांडी टीव्हीच्या मागून बाहेर काढली. ढिम्म. शेवटी ‘गेलं’ असं लिहायला भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेले, तर त्या चौकोनात माझ्याच अक्षरात आधीच लिहिलेलं होतं, ‘पाणी बंद’.

मुलगा दोन्ही वेळा शुक्रवारी आला होता. म्हणजे टीव्ही दोन्ही वेळा गुरुवारीच गेला होता.

आमच्याकडे सध्या गुरुवारी पाणी नसतं, म्हणून बुधवारी संध्याकाळी मी घरातलं यच्चयावत भांडं भरते. एकट्या बाईला एवढं पाणी कशाला, असं शेजारीण विचारते. नळ कोरडा असला की मला दुप्पट तहान लागते, असं मी सांगते. ओट्यावर जागा पुरत नाही, म्हणून स्टीलचे हंडे, कळशी आणि मोठं पिंप पॅसेजमध्ये रांगेने मांडते. आणि तिथेच, जुन्या टेलिफोनच्या बुटक्या स्टँडवर, तो राउटर. त्याच्या तोंडासमोर मी स्वतःच स्टील आणि पाण्याची भिंत उभी केली होती. शुक्रवारपर्यंत भांडी रिकामी होऊन जागेवर जात, आणि मुलाला दिसायचा तो चालू टीव्ही आणि वेडी आई.

एकेक भांडं हलवलं. गुडघे कुरकुरले, कुरकुरू देत. कळशी हलवली, काही नाही. दोन्ही हंडे हलवले, पडद्यावर सिग्नलची एक रेघ आली. पिंप उचलेना, ते फरशीवरून ढकलत नेलं आणि टीव्ही लागला. मी एकटीनेच टाळ्या वाजवल्या. मग खिळा ठोकून राउटर भिंतीवर उंच टांगला आणि भांडी होती तिथे परत आणून मांडली. टीव्ही चालूच.

रविवारी पाणी होतं, तरी मी सगळी भांडी काठोकाठ भरून पॅसेजमध्ये ठेवली. मुलगा त्या जोडप्याला घेऊन आला, हंड्यांना वळसा घालून आत शिरला आणि त्याने भिंतीवर टांगलेला राउटर पाहिला, चालू टीव्ही पाहिला. मग त्याने विचारलं, कोणाकडून करून घेतलंस?

हे मला सगळ्यात जास्त लागलं. मी त्या दोघांपुढे चहाचे कप ठेवले आणि त्यांच्यादेखत म्हणाले, “फॉल्ट मी शोधला. आता एक काम तू कर. यांचा चहा होऊ दे, आणि मग यांना सांग, की जागा रिकामी नाही.”