बीम संपला की शाळा भरते

तुमच्या कारखान्याच्या दारावर 'कामगार पाहिजेत'ची पाटी किती वर्षं लटकतेय? आणि त्याच दारातून रोज आत येणाऱ्या बाईला, 'बाई, तुला हे मशीन शिकायचंय का?' असं एकदा तरी विचारलंय? नाही ना? मग बसा, कबनूरच्या चिमणाबाईंचं ऐका.

चिमणाबाई भूपाल अण्णांच्या यंत्रमाग कारखान्यात कांड्या भरायच्या. जुन्या मागात उभं सूत बीमवर, म्हणजे मोठ्या रुळावर, गुंडाळलेलं असतं; आडव्या सुतासाठी धोटा इकडून तिकडं पळतो, त्याच्या पोटात सुताची कांडी असते. ती संपली की दुसरी लागते. लग्न होऊन आल्यापासून बाईंनी तेवढंच केलं. आवाज असा की मागांच्या खडखडाटात पलीकडच्या शेडला चहा सांगायच्या. मी कामगार संघटनेचा कार्यकर्ता; मला त्या 'पुढारी' म्हणतात, आणि ते कौतुकानं नव्हे.

गेल्या साली अण्णांनी रॅपियर माग आणले. ह्या मागाला धोटा नाही, म्हणजे कांडी नाही, म्हणजे कांडीवालीही नाही. पण गंमत बघा, चालवणाराही कोणी मिळेना. नवेकोरे माग प्लास्टिक पांघरून उभे. अण्णा म्हणाले, "दिवाळीपर्यंत वाट बघतो, नायतर बाहेरनं माणसं आणतो." तसं झालं असतं तर जुने माग मोडीत आणि चिमणाबाई न् त्यांच्या जोडीच्या बायका सरळ घरी.

मी तडक एका प्रशिक्षण केंद्रात गेलो. साहेब गोड हसले. वर्ग आहे की! सकाळी दहा ते पाच, कोल्हापुरात, सलग तीन महिने. परत येऊन बाईंना सांगितलं.

"आणि तवर चूल कोण पेटवणार? साहेब येतोय व्हय भाकरी थापायला?"

"मग मोर्चा काढू."

"मोर्च्यानं माग चालतोय व्हय पुढारी? गप चला माझ्यासंगं."

अण्णा शेडच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. "या पावणं," मला म्हणाले, "आज कुणाचा मुर्दाबाद?" बाईंनी मागणी सांगितल्यावर हसायचे थांबले. "तुम्हाला शिकवायचं आणि शिकून तुम्ही पलीकडच्या गल्लीत पळायचं, असंच न्हवं?"

माझं डोकं सणकलं. बाईंनी माझा दंड धरून मला मागं ओढलं.

"अण्णा, जुन्या मागाचा बीम संपला की नवा चढवून दोरा न् दोरा सांधंपर्यंत माग गप असतोय. तवा आमी काय करतो?"

"चकाट्या पिटता."

"व्हय की! तेवढ्यात शिकवा. तुमचं काम बुडत न्हाय, माझी चूल बुडत न्हाय. आणि पळवापळवीचं भ्या वाटत असंल, तर पलीकडच्या गल्लीतल्या बायकांस्नीबी हितंच बोलवा. समद्यांकडं शिकलेली बाई असल्यावर कोण कुणाला पळवंल?"

अण्णांनी चहा मागवला. कबनुरात एवढ्यावर समजायचं, अर्धं काम झालं.

माग बसवायला विश्वजित नावाचा फिटर आला होता, त्यालाच मास्तर केलं. पहिल्या बीमला बाई ओटीत कांड्या घेऊनच रॅपियरसमोर हजर.

"मावशी, ह्याला कांडी लागत नाही!"

"मोकळ्या हातानं मागाकडं कसं जायचं, बाबा?"

माग सुरू झाला. थोड्या वेळानं वरचा दिवा लागला. बाई समाधानानं हाताची घडी घालून उभ्या. शेजारी जुन्या मागांचा एवढा दणदणाट, की आपला माग गप झालाय हे त्यांना कळलंच नाही.

"मावशी, माग बंद पडलाय! दोरा तुटला की दिवा लागतो!"

"मग तसं आधी सांग की! आमच्यात दिवा लागला म्हंजे काम चालू असतंय."

अण्णा पोट धरून हसले. "झालं शिकून!"

बाई लालबुंद झाल्या, पण दुसऱ्या बीमला पुन्हा हजर. कधी अर्धा तास मिळायचा, कधी आख्खी दुपार. विश्वजितनंही फळ्यावर चित्रं काढून शिकवणं सोडलं. मुद्दाम दोरा तोडायचा आणि म्हणायचा, "शोधा." बाई आधी त्याला शिव्या घालायच्या, मग दोरा शोधायच्या.

दिवाळीच्या तोंडावर अण्णांनी खुर्ची नव्या मागांसमोर टाकली. "आज पाळीभर हे समदे माग तुम्ही एकट्या सांभाळा. विश्वजित, तू हात लावायचा न्हाय." दिवा लागला की विश्वजित सवयीनं उठायचा, तवर दोरा सांधून माग चालूसुद्धा झालेला असायचा. पाळी संपली. अण्णांनी कापड उजेडात धरलं, तळहात फिरवला.

"उद्यापासनं ह्या मागांवर या."

"आणि बाकीच्या बायका?"

"शिकायला माझं दार उघडं हाय. पर समद्यांना द्यायला माग कुठनं आणू? बाकीचे कारखानदार मेलेत व्हय?"

भांडायला तोंड उघडलं होतं मी, पण माणूस खरं बोलत होता.

आता तिथं बीम संपला की शाळा भरते, आणि मास्तरीण चिमणाबाई. नवी बाई हाताची घडी घालून उभी राहिली की गरजतात, "दिवा लागलाय! देवळात आलीयास व्हय?" बायका शिकून तयार आहेत. मागावर मात्र अजून चिमणाबाई एकट्याच.

म्हणून कारखानदार, तुम्हालाच सांगतोय. ह्या वेळी निवेदन नाही, मोर्चाही नाही. पुढचा बीम संपेल तेव्हा तुमच्या कांडीवालीला अण्णांच्या शेडमध्ये पाठवा. आणि ती शिकून आली की दारावरची पाटी काढा, माग तिच्या हातात द्या.