सोबत्याच्या दाखल्यावरचा शब्द

मॅट्रिक झाल्यावर इंग्रजीच्या मास्तरांनी आम्हा दोघांना दाखले लिहून दिले आणि ते सुटीला मद्रासकडे निघून गेले. निजामाचं राज्य, हिंगोलीच्या शाळेत सगळं उर्दूत चालायचं. इंग्रजीचा तेवढा एक तास, आणि त्या तासाला मीच पहिला, असं औंढ्यात आमच्या घरी सगळे धरून चालत. माझ्या दाखल्यावर लिहिलं होतं, 'गुड'. शिरड शहापूरच्या माझ्या सोबत्याच्या दाखल्यावर होतं, 'सेड्युलस'.

गुड! गुड तर मास्तर चहालासुद्धा म्हणायचे. तेव्हा माझ्या पोटात जे दुखू लागलं, ते आजही पुरतं थांबलेलं नाही.

आमच्या दोघांत डिक्शनरी एकच, माझी. घरी येताच मी ती उघडली. सेड्युलस म्हणजे रोजच्या रोज, न कंटाळता, जीव लावून काम करणारा. नुसत्या मेहनतीला हा शब्द लावत नाहीत. बघायला कुणी नसतानाही जो कामात कुचराई करत नाही, त्यालाच तो लावतात. वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला, कारण शब्द अगदी त्याच्या मापाचा होता.

औंढ्याच्या शाळेत मास्तरची एक जागा निघाली होती. अर्ज आम्ही दोघंही करणार होतो. दोन दिवसांनी तो पायी चालत माझ्याकडे आला.

"ह्याचा मतलब काय रे? चांगला असंल तर दाखला अर्जाला जोडतो."

"डोकं कमी, घोकंपट्टी जास्त," मी म्हणालो.

डिक्शनरी आमच्या दोघांच्या मधे पडलेली होती. त्यानं तिला हातही लावला नाही. दाखल्याची घडी घालून त्यानं ती बंडीच्या खिशात ठेवली, आणि अर्ज दाखल्याशिवायच दिला.

जागा मला मिळाली. पेढे खायला पहिला आला तो तोच.

"झालं ते बराबर झालं," तो म्हणाला. "मास्तरांनी माझं खरंच लिवलं होतं. पर तू लपवलं न्हाईस गड्या. दुसऱ्यानं लपवलं असतं."

मी मान हलवली आणि त्याच्या हातावर आणखी एक पेढा ठेवला.