घोटकाकूंची थंड खोली

घोटकाकूंचं खरं नाव गावात कुणी घेत नसे. द्राक्षमळ्यातल्या त्या घरात सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांना त्या वाइन चाखायला देत. कुणी नको-नको करायला लागलं की त्यांचं ठरलेलं असे, "अहो, एकच घोट. नाही आवडली तर झाडाला घालू." त्यावरून पडलेलं नाव पुढे असं चिकटलं, की पोस्टमनसुद्धा त्याच नावानं हाक मारायचा.

त्या घरात त्या सून म्हणून आल्या. नवरा लवकर गेला. मग स्वयंपाकघरात सासूबाई आणि त्या, दोघीच उरल्या. सासूबाई तोंडानं फटकळ आणि हातानं सढळ. "सूनबाई, मीठ मागाहून घाल, अळंबी अजून पाणी सोडतेय," हे दिवसातून एकदा तरी ऐकावं लागे. एका तोडणीच्या हंगामात सासूबाई चीज आणायला म्हणून तळघरात उतरल्या आणि वर आल्याच नाहीत. भिंतीला टेकून, डुलकी लागल्यासारख्या बसलेल्या सापडल्या. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. काकूंचे दीर या मळ्याचे मालक. त्यांना तळघराचं ते दार डोळ्यांसमोर नको झालं. त्यांनी ते विटांनी बुजवून घेतलं, वर गिलावा केला आणि पुढे एक भलंमोठं कपाट उभं केलं.

कपाटाची ती खोली दोन पायऱ्या खाली होती. उन्हाळ्यातही गारेगार. तिथे पलंग टाकला आणि ती पाहुण्यांची लाडकी खोली झाली. दुपारी वाइन चाखायची, पोटभर जेवायचं आणि त्या गारव्यात ताणून द्यायची! पण गेले दोन हंगाम तिथे झोपलेले पाहुणे डोकं धरून उठत. सगळे हसत. दीर म्हणत, "घोटाघोटानं बादली भरते, मग डोकं नाही धरणार तर काय!" काकू लिंबूपाणी करून देत.

त्या हंगामात एक जोडपं आलं. नवरा नुकताच निवृत्त झालेला वायरमन. बायको घरी शिवणकाम करायची. लग्नानंतर पहिल्यांदाच दोघं सुट्टीला म्हणून कुठे बाहेर पडली होती, आणि ती हौस त्यांच्या अंगावर नव्या कपड्यासारखी दिसत होती. झाडाखालच्या टेबलावर काकूंनी पेले मांडले. गरम पाव, मऊ चीज, भाजलेला भोपळा आणि लोण्यात परतलेली अळंबी ठेवली.

"आधी वास घ्या. ओल्या मातीचा वास येतोय का?"

वायरमननं पेल्यात नाक खुपसलं. "मला तर वाइनचाच येतोय हो!"

चाखून थुंकायलाही चालतं, असं काकूंनी सांगितल्यावर तर शिवणबाई हसून हसून लाल झाल्या. "एवढी चांगली वस्तू थुंकायची? माझ्या आईनं कानाखाली वाजवली असती." मग त्यांनी अळंबीचा घास घेतला, जिभेवर घोळवला आणि सहज म्हणाल्या, "मिरी घालायचं बंद केलंत वाटतं?"

काकूंचा हात तिथेच थांबला. मिरी सासूबाई घालायच्या. त्यांच्यामागे, पाहुण्यांच्या मुलांना तिखट लागतं म्हणून, काकूंनी ती सोडून दिली होती.

"तुम्ही याआधी आला होतात इकडे?"

"छे हो."

"मग मिरीचं कसं कळलं?"

शिवणबाई गोंधळल्या. "काय की. आपलं तोंडातून निघून गेलं."

दुसऱ्या दिवशी त्या मदतीला म्हणून स्वयंपाकघरात आल्या आणि न विचारता मोठं झाकण काढायला माळ्याच्या मागच्या कोपऱ्यात हात घातला. झाकण तिथेच होतं.

"काकू, मला भीती वाटतेय," शिवणबाई हळूच म्हणाल्या. "या घरातलं सगळं मला ठाऊक आहे. का ठाऊक आहे, ते मात्र नाही ठाऊक. खोलीतल्या कपाटाकडे पाहिलं की वाटतं, इथे दार होतं. कुठे गेलं हो ते?"

"जुन्या घरांत असतात अशी बुजवलेली दारं," एवढंच काकू म्हणाल्या आणि पिठात हात घातला. त्या दिवशी पाव कच्चाच राहिला.

तिसऱ्या दुपारी वायरमननं जेमतेम दोन घोट घेतले. शिवणबाईंनी पेल्याला हातच लावला नाही. जेवून दोघं थंड खोलीत आडवी झाली. दोन हंगामांपूर्वी बांधलेल्या शेडमध्ये टाक्या काठोकाठ भरून रस आंबत होता, सगळ्या आवारात तो आंबूस वास दाटला होता. काकू पेले विसळत होत्या. मागे चाहूल लागली म्हणून वळल्या, तर शिवणबाई अनवाणी उभ्या. एक हात भिंतीला, चेहरा राखेसारखा. डोळे उघडे होते, पण काकूंना पाहत नव्हते.

"सूनबाई," त्या म्हणाल्या, "दार उघड. मला वर येता येत नाहीये."

काकूंच्या हातातला पेला फुटला. पुढचं पाऊल कसं उचललं, ते त्यांना नंतर कधी सांगता आलं नाही. त्या धावत खोलीत उतरल्या. वायरमन पलंगावर निपचित होता, तोंड लालबुंद, कितीही हलवलं तरी जागा होईना. काकूंच्या हाकेनं दीर धावत आले. दोघांनी त्याला काखेत धरून ओढत अंगणात आणलं. मोकळ्या हवेत थोड्या वेळानं तो भडाभडा ओकला आणि डोळे उघडून "काय झालं?" म्हणाला. शिवणबाई उंबऱ्यावर बसून रडत होत्या. स्वयंपाकघरात आपण काय बोललो, याची त्यांना गंधवार्ताही नव्हती.

"जास्त झाली असेल," दीर म्हणाले.

"भाऊजी, दोन घोट! मीच ओतले. आणि बाईंनी तर तेही घेतले नाहीत."

काकूंनी मेणबत्ती पेटवली. खोलीच्या पायऱ्यांवर ती नीट जळत होती. आत जाऊन, श्वास रोखून, त्यांनी ती कपाटाच्या पायाशी नेली. कुणीतरी चिमटीत धरावी तशी ज्योत मिटली. पुन्हा पेटवली, पुन्हा मिटली. हंगामात ज्योत विझली की आंबणाऱ्या रसाची जीवघेणी हवा तिथे साठलीय असं समजायचं, हे द्राक्षाच्या मुलखात शेंबडं पोरही जाणतं. दीरांचा चेहरा उतरला.

दुसऱ्या दिवशी दारं-खिडक्या सताड उघडून गवंड्यानं ती भिंत फोडली. खाली गिलावा ओलीनं कुजून तडकला होता. नव्या शेडची मोरी जुन्या तळघरात सोडलेली होती. आंबणाऱ्या रसाची हवा जड. ती मोरीतून खाली उतरून विहिरीत पाणी साठावं तशी साठत होती आणि तड्यांतून खोलीत झिरपत होती. हवा खेळती झाल्यावर काकू आणि दीर आत उतरले. फळीवर चीज दगड होऊन पडलं होतं. खालच्या पायरीवर सासूबाईंच्या चपला होत्या, जोडीनं, नीट. त्यांना उचलून वर आणताना चपलांची आठवण कुणालाच राहिली नव्हती.

दीर पायरीवरच बसले. "वहिनी, तेव्हा रसाच्या पिंपांची तोंडं इथेच उघडी असायची. आईचं हृदय नव्हतं बंद पडलं."

काकूंनी चपला पदरात घेतल्या. रडू आलं नाही. एवढी वर्षं त्यांना वाटायचं, म्हातारी शांतपणे गेली. आता तेवढंही राहिलं नाही.

निघताना त्यांनी शिवणबाईंना बाजूला घेतलं. "तुम्हाला अजून काही आठवतं? म्हणजे... त्यांचं?"

"थंडी वाजत होती," शिवणबाई म्हणाल्या. "आणि वर भांड्यांचा आवाज येत होता. कुणीतरी काम करत होतं."

त्या दिवशी वर कोण काम करत होतं, हे काकूंना माहीत होतं.

मोरी दुसरीकडे वळवली. तळघराला झरोके पाडले, पंखा बसवला. थंड खोलीत पुन्हा कुणाला झोपवलं नाही. पुढल्या हंगामात काकूंनी त्या जोडप्याला फोन केला, की या, आमचे पाहुणे म्हणून या. फोन शिवणबाईंनी उचलला.

"कोण बोलतंय?"

काकूंनी सांगितलं. मळा, वाइन, अळंबी, सगळं सांगितलं. पलीकडून नम्रपणे उत्तर आलं, "तुमचा नंबर चुकला असेल. आम्ही कधी कुठे सुट्टीला गेलोच नाही हो."

मग वायरमननं फोन घेतला आणि दुसऱ्या खोलीत जाऊन हळू आवाजात बोलला. "काकू, रागावू नका. बाकी तिचं डोकं लख्ख आहे, जुन्या गिऱ्हाइकांची मापं तोंडपाठ. डॉक्टरांना दाखवलं, काही सापडत नाही. फक्त तुमच्याकडचे ते दिवस पुसले गेले. फोटो दाखवला, तुमच्या टेबलाशी ती हसतेय तो, तर मला विचारते, 'ही मी आहे होय? आणि माझ्यामागे उभी आहे ती म्हातारी कोण?'"

"म्हातारी?" काकू म्हणाल्या. "म्हणजे मी का?"

"तुम्ही कशा असाल? फोटो तुम्हीच काढलाय ना." त्यानं आवाज आणखी उतरवला. "मला तर मागे झाडच दिसतं."

काकूंनी तो फोटो मागवला नाही. दर हंगामात मळ्यातल्या मधाची एक बरणी मात्र त्या त्यांना पाठवतात. मध बायकोला फार आवडतो, असं वायरमन कळवतो. कुठून येतो, ते त्यानं तिला सांगितलेलं नाही.